माईकपुढचा माणूस अनवाणी असतो

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात श्रावणात सप्ता बसतो आणि गोपाळकाल्याला उठतो. इतकी वर्षं साउंड भाड्याने यायचा. यंदा वर्गणीतून देवळाचा स्वतःचा संच घेतला: बारा चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर, एक पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, दोन बारा इंची स्पीकर, कीर्तनकारांसमोर ठेवायला एक अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर (त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), माईक, स्टँड आणि तीस मीटरचा मल्टिकोर, म्हणजे बऱ्याच माईकच्या तारा एकत्र असलेली केबल. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि इलेक्ट्रॉनिक्सची मला पहिल्यापासून ओढ आहे, म्हणून जोडणीचं काम माझ्याकडे आलं. सोबत गावातले जुने साउंडवाले काका. लग्नं, यात्रा, प्रचारसभा, तमाशाचे फड, सगळीकडे त्यांनी आयुष्यभर माईक लावले आहेत. आता गुडघे दुखतात म्हणून ते खुर्चीवर बसून सांगतात, पण सांगतात ते नेमकं.

खोकी सभामंडपात आली तशी पोरं कटर घेऊन धावली. काका म्हणाले, "बाई, खोकं नंतर फोडा. आधी भिंतीत काय हाय ते बगू."

भिंतीत म्हणजे सॉकेटमध्ये. हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण गावोगावच्या देवळांत आता असे संच येतायत आणि सगळ्यांचं लक्ष स्पीकर किती वॅटचे यावर असतं. लग्नाच्या हॉलमध्ये गाणाऱ्याच्या पायात बूट-चपला असतात. देवळात कीर्तनकार, गायनाचार्य, मृदंगाचार्य, टाळकरी, सगळे अनवाणी. खाली दगडी फरशी, श्रावणाच्या सरी, भिजून आलेल्या माणसांच्या पावलांनी ओली झालेली. अशा फरशीवर उभा असलेला माणूस घामेजल्या हाताने माईकचं लोखंड धरतो आणि ओठ जाळीला टेकवून अभंग म्हणतो. विजेला जमिनीत जायला याहून सोपी वाट नाही.

मिक्सरशेजारच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) यांच्यात २३२ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थ (जमिनीत गेलेली तार) यांच्यातही साधारण तेवढेच यायला हवे होते. आले ९० च्या आसपास, तेही हलते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही नको, तिथे ४० दिसले. याचा अर्थ सरळ होता: सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात तार आहे, पण ती तार जमिनीपर्यंत पोचत नाही. मधल्या कुठल्या तरी तुटलेल्या टोकापाशी ती अधांतरी लटकते आहे आणि शेजारून जाणाऱ्या फेजच्या तारेचा असर तिच्यावर दिसतोय.

समजा मीटरने बरोबर २३० दाखवले असते, तरी काका तेवढ्यावर थांबले नसते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे गंजून केसाएवढ्या उरलेल्या अर्थिंगवरही तो ऐटीत २३० दाखवतो. खरी परीक्षा वेळ आल्यावर करंट वाहून नेण्याची असते. म्हणून वायरमन टेस्ट लॅम्प वापरतात: होल्डरमध्ये साधा शंभरचा बल्ब, एक वायर फेजला, दुसरी अर्थला. अर्थिंग खरं असेल तर बल्ब न्यूट्रलवर पेटतो तसाच पेटतो. हे काम मी केलं नाही, परवानाधारक वायरमनला बोलावलं. अर्थिंग कच्चं असेल तर त्या क्षणी बल्बमधून फेज अर्थच्या तारेवर येतो आणि देवळातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या लोखंडी वस्तूत उतरू शकतो. त्यामुळे आधी सगळे प्लग काढले, माणसांना बाहेर पाठवलं आणि मगच त्यांनी बल्ब लावला. तो पेटलाच नाही.

देवळामागे अर्थिंगचा जुना खड्डा सापडला. पाइपला क्लॅम्प होता, क्लॅम्पला तार होती, पण बोट लावताच तिचा भुगा झाला. नवा रॉड पुरला, भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरली, तिथून बोर्डापर्यंत आठ नंबरची तांब्याची तार ओढली. अर्थ टेस्टरवर जमिनीचा विरोध ३ ओहम आला, हा आकडा जितका कमी तितका बरा. वायरमन खूश झाले. मी मात्र वर्गात मुलांना देते तसलं गणित त्यांच्यापुढे मांडलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर या अर्थिंगमधून किती करंट वाहील? २३० भागिले ३, साधारण ७७ अँपिअर. आपला एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, सी-कर्व्ह प्रकारचा, १६ अँपिअरचा. तो झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६०. याचाच अर्थ चांगलं अर्थिंग असूनही एमसीबी लगेच पडेल याची खात्री नाही, आणि तेवढा वेळ पत्रा जिवंत राहील. एमसीबी मुळात वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवायला आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो.

ही बाब मी ग्रामस्थांच्या बैठकीत आग्रहाने मांडली आणि आरसीसीबीचा खर्च मंजूर करून घेतला. ३० मिलिअँपिअरचा घेतला. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढीच गोष्ट तो सतत पाहत असतो. वाटेत ३० मिलिअँपिअर कुठे कमी पडले, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेले, की सेकंदाच्या छोट्याशा अंशात तो पुरवठा तोडतो. त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. सप्त्यात रोज संध्याकाळी हरिपाठाआधी ते बटण दाबायचं, हा आमचा पहिला नेम ठरला.

काकांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट आठवते. पूर्वी कीर्तनकार म्हणायचे, "माईकला मुंग्या येतायत." मग कुणी तरी पायाखाली पोतं टाकायचं, माईकच्या जाळीला रुमाल गुंडाळायचं आणि कीर्तन पुढे चालायचं. त्या मुंग्या कुठून येतात ते मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. उपकरणात विजेतला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे. अर्थ जोडलेलं असेल तर जो चिमूटभर करंट झिरपतो तो जमिनीत जातो. अर्थ नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. पत्र्याला मिक्सरचा ग्राउंड जोडलेला, ग्राउंडला माईकच्या वायरीची जाळी, जाळीला माईकची लोखंडी बॉडी. त्या मुंग्या म्हणजे अर्थ नसल्याची पहिली बातमी असते. पुढे आतलं इन्शुलेशन फाटलं की त्याच वाटेने पूर्ण २३० व्होल्ट येतात. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजी रुमाल न्हाई बांदायचा, लाइट बंद करायची."

हो. तेवढंच करायचं.

यानंतर खोकी फोडली.

बोर्डावरचे तीन फेज कसे वाटायचे ते आधी ठरवलं. माळा, फ्लडलाइट, मंडपातले पंखे आणि भटारखान्यातली मोटर दोन फेजांवर, साउंड एकटा तिसऱ्यावर. साउंडचं जे जे आहे ते सगळं एकाच फेजवर आणि शक्यतो एकाच बोर्डावरून घ्यायचं. वेगवेगळ्या फेजांवरची दोन उपकरणं शेजारी आली आणि काही बिघडलं तर त्यांच्यात ४०० व्होल्टचा फरक असतो. शिवाय हमिंगचा, म्हणजे स्पीकरमधल्या घरघरीचा, बराचसा त्रास इथेच मिटतो, त्याबद्दल पुढे येईल. एक्स्टेन्शनची वायर तीन कोअरची, अडीच स्क्वेअर एमएमची घेतली. ती रीळ पूर्ण उलगडली, गुंडाळलेली ठेवली नाही, कारण भार पडल्यावर गुंडाळीची उष्णता बाहेर पडत नाही आणि आतली वायर वितळू लागते. प्लग सगळे तीन पिनांचे. अर्थची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते: प्लग आत जाताना ती आधी लागते आणि निघताना शेवटी सुटते. ती कापून टाकलेले प्लग मी कितीतरी मंडपांत पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो.

जोडणीच्या वेळी एकही स्विच चालू नव्हता. मिक्सरचे सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या दांड्या) खाली, गेन (माईकचा सिग्नल वाढवणारा नॉब) शून्यावर, फँटम (काही माईकना मिक्सरमधून जाणारी वीज) बंद. अ‍ॅम्पचे दोन्ही नॉब पूर्ण डावीकडे. सुरुवात उगमापासून केली आणि स्पीकरपर्यंत गेलो, म्हणजे वाटेत काही राहून जात नाही.

माईकच्या वायरी दोन्ही टोकांना कॅनन कनेक्टरच्या घेतल्या. कॅननमध्ये तीन पिना: एक नंबर जाळी, दोन नंबर सरळ सिग्नल, तीन नंबर उलटा सिग्नल. एकच आवाज दोन तारांतून सुलट-उलट जातो आणि मिक्सर त्यांची वजाबाकी करतो. वाटेत माळांची, पंख्यांची जी खरखर चिकटते ती दोन्ही तारांवर सारखीच चिकटते, त्यामुळे वजाबाकीत उडून जाते. तीस मीटरच्या मल्टिकोरवर हे फार मोलाचं आहे. जुन्या वायरींच्या मिक्सरकडच्या टोकाला मोठा जॅक होता, बाजारात पी-३८ म्हणतात तो. त्यात उलटा सिग्नलच नसतो. त्या वायरी बाजूला ठेवल्या. मल्टिकोर विजेच्या वायरीच्या जोडीने नेला नाही. भिंतीकडून आणला आणि जिथे विजेची वायर ओलांडायलाच लागली तिथे काटकोनात ओलांडली. जमिनीवरचे सांधे पाटावर उचलून ठेवले, ओल लागू नये म्हणून.

कुठला चॅनेल कुणाला ते मिक्सरवर कागदी टेप लावून मराठीत लिहिलं. पहिला कीर्तनकार. दुसरा पखवाजाची शाई, तिसरा पखवाजाची कणीक, चौथी पेटी, पाचवा-सहावा गायनाचार्य, आठवा सूचना, म्हणजे पंगत वगैरे. सातव्याला एक कंडेन्सर माईक टाळकऱ्यांच्या मागे उंचावर, तो फक्त मोबाईलवरच्या प्रक्षेपणासाठी. मंडपातल्या स्पीकरमध्ये टाळ अजिबात सोडायचे नाहीत, हे माझं ठाम मत आहे. पंचवीस-तीस टाळ दगडी सभामंडपात वाजतात तेव्हा त्यांना स्पीकरची गरज नसते. ते स्पीकरमध्ये सोडले की अभंगाचे शब्दच बुडतात, आणि लोक शब्दांसाठी येतात.

मिक्सरच्या मुख्य आउटपासून अ‍ॅम्पच्या इनपुटला कॅनन. अ‍ॅम्पपासून स्पीकरला स्पीकॉन, आत घालून उजवीकडे फिरवला की खट्टकन बसतो. स्पीकरला माईकची वायर कधीही लावायची नाही. स्पीकरमधून खरोखरचा भार वाहतो, त्याला जाड दोन कोअर लागते. दोन्ही स्पीकर ८ ओहमचे, अ‍ॅम्पच्या एकेका चॅनेलवर एकेक. पोरांचा विचार होता की उत्साहात आणखी दोन स्पीकर जोडावेत. तसे समांतर जोडले की प्रत्येक चॅनेलवर ४ ओहम येतात. आपला अ‍ॅम्प ४ ओहम सोसतो का, ते त्याच्या मागच्या पत्र्यावर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय काही जोडायचं नाही.

पाराजवळचे आणि शाळेच्या कोपऱ्यावरचे भोंगे जुन्या अहुजा अ‍ॅम्प्लिफायरवर आहेत, १०० व्होल्टच्या लाइनवर. प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून इतक्या लांब वायर जाऊनही आवाज पोचतो. ती व्यवस्था वेगळी आहे आणि वेगळीच ठेवायची. नव्या स्पीकरची वायर चुकून त्या १०० व्होल्टच्या स्क्रूला लागली तर स्पीकर जळेल. म्हणून जुन्या अ‍ॅम्पला मिक्सरच्या एका ऑक्झिलरी (जादा) आउटमधून फक्त सिग्नल दिला आणि त्याच्या स्क्रूंवर लाल टेप लावली.

आता चालू करायचं. काका खुर्ची पुढे ओढून बसले.

क्रम असा, आणि त्यात सूट नाही: आधी आवाज देणारं, मग आवाज मिसळणारं, सगळ्यात शेवटी आवाज मोठा करणारं. मिक्सर चालू होतो त्या क्षणी त्याच्या आतले कपॅसिटर भरतात आणि आउटपुटवर व्होल्टेजची एक उडी येते. अ‍ॅम्प आधीच जागा असेल तर ती उडी कितीतरी पटींनी मोठी होऊन स्पीकरमध्ये धप्पकन आदळते. मोठा कोन ते सोसतो. वरच्या ड्रायव्हरचा पडदा पातळ असतो, तो फाटतो किंवा त्याची कॉइल जळते. नंतर लोक म्हणतात, साउंड घुमतो, शब्द कळत नाहीत. कितीतरी गावांत भाड्याच्या स्पीकरचे ड्रायव्हर असेच गेलेले असतात आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

एमसीबी वर केला. आरसीसीबीची चाचणी घेतली, पुन्हा वर केला. मीटर सॉकेटला: फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२८, न्यूट्रल-अर्थ एकच्या आसपास. मिक्सर चालू केला. दिवे लागले, मीटरवर काही नाचत नाही हे पाहिलं, थोडं थांबलो. मग मॉनिटर. मग अ‍ॅम्प, नॉब शून्यावरच. त्याचा लाल प्रोटेक्टचा दिवा काही क्षण राहिला, आतला रिले खटकला, दिवा हिरवा झाला. जुना अहुजा त्यानंतर, दोन्ही एकदम नाही. मोठे ट्रान्सफॉर्मर पहिल्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात, दोघं एकदम उठले तर एमसीबी विनाकारण पडतो.

स्पीकर गप्प होते. काका जवळ जाऊन कान लावून आले. "हमिंग न्हाई," एवढंच म्हणाले. मोबाईलवरून हळू आवाजात एक अभंग लावला, फेडर थोडा वर, मग अ‍ॅम्पचा नॉब हळूहळू उजवीकडे. आधी डावा स्पीकर, मग उजवा. दोन्हींची पोलॅरिटी (प्लस-मायनसची जोडणी) सारखी आहे का ते मधोमध उभं राहून ऐकलं. उलटी असती तर आवाज मधोमध न येता पोकळ लागला असता आणि पखवाजाचा धुमका नाहीसा झाला असता.

कंडेन्सर माईकला फँटम लागतो, ४८ व्होल्ट. आमच्या मिक्सरला त्याचं एकच बटण सगळ्या चॅनेलांना मिळून आहे. त्यामुळे सर्व माईक आधी जोडून, फेडर खाली असतानाच ते दाबायचं आणि स्थिरावायला थोडा वेळ द्यायचा. साध्या डायनॅमिक माईकला त्याचा धोका नाही, कारण दोन आणि तीन नंबरच्या पिनेवर सारखंच व्होल्टेज येतं आणि कॉइलच्या दोन टोकांत फरक उरत नाही. पण घरी सोल्डर केलेल्या कॅनन-जॅक वायरीने मोबाईल, लॅपटॉप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा माईकच्या इनपुटला लावला तर हे व्होल्टेज त्याच्या पोटात शिरतं. म्हणून तानपुऱ्याला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माईकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी) दिला आणि मोबाईलची जागा शेवटच्या स्टिरिओ चॅनेलवर कायम केली.

गेन लावायला गायनाचार्यांना बोलावलं. प्रत्येकाला कीर्तनात जेवढ्या ताकदीने गातात तेवढ्याच ताकदीने म्हणायला सांगितलं. पीएफएल (फेडरआधीचा सिग्नल दाखवणारं बटण) दाबून मिक्सरचा मीटर शून्याभोवती खेळेल इतका गेन दिला आणि फेडर शून्याच्या खुणेवर ठेवले. गळ्याच्या माईकांना लो-कट दाबला, १०० हर्ट्झच्या खालचा गडगडाट निघून गेला. पखवाजाला तो अर्थातच नाही. मॉनिटर कीर्तनकारांच्या माईकच्या पाठीमागे येईल असा ठेवला, कारण हे माईक पाठीमागून कमी ऐकतात आणि शिट्टी टळते. याहून अधिक त्यात लिहिण्यासारखं नाही. बाकी कान ठरवतात.

हमिंग आलं ते संध्याकाळी, प्रक्षेपणाचा लॅपटॉप जोडल्यावर. गावातली निम्मी घरं मुंबई-पुण्याला आहेत. ती मंडळी मोबाईलवर कीर्तन बघतात, त्यामुळे हे प्रक्षेपण आता सप्त्याचा भागच झालं आहे. लॅपटॉप सांभाळणाऱ्या मुलाने मिक्सरमधून वायर घेतली आणि लगेच स्पीकरमध्ये घूंऽऽ सुरू झालं. चार्जर काढला की बंद, लावला की चालू. त्याचा चार्जर गाभाऱ्याकडच्या सॉकेटवर होता, म्हणजे लाइटच्या बोर्डावर. दोन ठिकाणी अर्थ, दोन्ही अर्थमध्ये व्होल्टेजचा किंचित फरक, आणि त्यांना जोडणारी आमच्या वायरीची जाळी. त्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि त्याचीच घरघर ऐकू येते.

मागून कुणी तरी सहज म्हणालं, "चार्जरची अर्थची पिन मोडा की, लगेच जातंय." आवाज खरोखर जातो, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. पिन मोडली की फिरणारा करंट थांबतो आणि त्याच्यासोबत त्या उपकरणाचं संरक्षणही जातं. उरतो तो एकच अर्थ, आमच्या वायरीच्या जाळीतून, मिक्सरमार्गे, माईकपर्यंत. म्हणजे त्या चार्जरमध्ये कधी काळी बिघाड झाला तर तो कीर्तनकारांच्या ओठापर्यंत येणार. मी त्या मुलाला हे समोर उभं करून समजावलं, कारण पुढच्या वर्षी मी तिथे असेनच असं नाही. चार्जर साउंडच्या बोर्डावर घेतला, घरघर बरीच उतरली. उरलेल्यासाठी मध्ये ऑडिओ आयसोलेटर लावला. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो: एका बाजूच्या कॉइलमधला आवाज चुंबकत्वाने दुसऱ्या बाजूला जातो, तारेला तार लागत नाही. घरघर पूर्ण गेली. आयसोलेटर स्वस्त मिळतो. अर्थची पिन मोडण्याइतकं स्वस्त मात्र या धंद्यात काहीच नाही, आणि म्हणूनच ती मोडली जाते.

दुसऱ्या दिवशी हरिपाठ ऐन रंगात असताना लाइट गेली. पोरं जनरेटरकडे पळाली, मी अ‍ॅम्पकडे. आधी अ‍ॅम्पचे नॉब खाली, मग अ‍ॅम्पचा स्विच बंद, मग मिक्सरचा. लाइट कधीही धक्का देत परत येते आणि तेव्हा मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच क्षणी उठतात, जे आपल्याला कधीच नको असतं. हरिपाठ थांबला नाही. सगळ्यांना पाठ असतो, टाळ-पखवाज होतेच, आणि दगडी मंडपात तो तसाच फार सुंदर लागला.

जनरेटर सुरू झाल्यावर काका म्हणाले, "आवाज आला म्हंजी लाइट आली असं न्हाई. मीटर लावा." इंजिन स्थिर होऊ दिलं, मीटर लावला, २४० च्या आत आहे हे पाहिलं, मग त्याच क्रमाने पुन्हा सगळं उठवलं. जनरेटरबाबत एक गोष्ट सप्त्याआधीच वायरमनकडून करून घेतली होती. बऱ्याच भाड्याच्या जनरेटरांचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेलाच नसतो. तसा असला की गळती होऊनही करंटला परतीची वाट नसते आणि आरसीसीबीला ती गळती कळत नाही. सगळ्यांना वाटतं संरक्षण आहे, आणि ते नसतं. त्यांनी न्यूट्रल अर्थिंगशी बांधला, जनरेटरच्या सांगाड्याला वेगळी तार दिली आणि देवळाचा पुरवठा व जनरेटर कधीच एकत्र येऊ नयेत म्हणून चार पोलचा, म्हणजे तिन्ही फेजांसोबत न्यूट्रलही तोडणारा, चेंजओव्हर स्विच बसवला. भाड्याचा जनरेटर आणणाऱ्या प्रत्येक मंडळाने एवढा एक प्रश्न तरी विचारावा: न्यूट्रल अर्थ केलाय का?

रात्रीचं कीर्तन सातला सुरू करून नऊला संपवलं. दहानंतर सकाळी सहापर्यंत स्पीकर लावायचा नाही हा नियम आहेच, पण गावात दहावी-बारावीची मुलंही आहेत. पहाटेचा काकडा आम्ही माईकशिवाय करतो.

आरती झाली की बंद करायचा क्रम उलटा. अ‍ॅम्पचे नॉब खाली, अ‍ॅम्प बंद, अहुजा बंद, मॉनिटर बंद. अ‍ॅम्पमध्ये साठलेली वीज उतरायला थोडा वेळ द्यायचा. मग फँटम बंद, पुन्हा थोडं थांबायचं, मग मिक्सर, शेवटी एमसीबी. हे झाल्याशिवाय एकही कॅनन उपटायचा नाही. आरतीनंतर प्रसादाची घाई असते आणि मदतीला आलेली मुलं थेट माईकच काढायला लागतात. म्हणून मिक्सरच्या कडेला टेप लावून मोठ्या अक्षरात लिहिलं: लावताना अ‍ॅम्प शेवटी, काढताना अ‍ॅम्प आधी.

काल्याच्या कीर्तनाला तो प्रक्षेपणवाला मुलगा आणि दहावीतली दोन मुलं, एक मुलगा, एक मुलगी, यांनी सगळं स्वतः उठवलं. मुलीने आरसीसीबीचं बटण दाबलं, खटका पडलेला सगळ्यांना दाखवला, मीटरचे तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि मगच मिक्सरला हात लावला. ती वही आता विणेच्या कपाटात ठेवली आहे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा आकडा वाढतो, त्यामुळे चैत्रात वायरमनना पुन्हा टेस्टर घेऊन बोलवायचं आहे. वळवाच्या विजांआधी बोर्डाला सर्ज प्रोटेक्टरही (विजेची अचानक आलेली उसळी जमिनीत सोडणारा) बसवायचा आहे. त्याच्या खर्चाचा विषय पुढच्या बैठकीत काका मांडणार आहेत.